चार नंबरचा कापूस

४ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

नमस्कार. तू बरी आहेस असं धरूनच चालते, कारण विचारलं तरी तू "मला काय धाड भरलीय" असंच म्हणणार. इकडे आम्ही ठीक. आईचा गुडघा कुरकुरतोय. बाबा नेहमीसारखे पेपरात डोकं घालून बसतात, फक्त हल्ली मोठ्याने वाचून दाखवत नाहीत.

एक बातमी आहे आणि ती दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. सोमवारी चिटणीससाहेबांनी बोलावलं आणि म्हणाले, आजपासून राजवाड्याची मुख्य शिंपीण तू. मी नाही म्हणणार होते, खरंच. पण त्यांनी शिवणखोलीच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या आणि लगेच फोन कानाला लावला. आता फोनवर बोलणाऱ्या माणसाला काय सांगणार? तर सध्या तुझ्या खुर्चीत बसते. तुझी उशी मात्र काढून कपाटात ठेवलीय. तुझ्या बोटातलं अंगुस्तानही त्या दिवशी इथेच राहिलंय, पितळेचं. ते मी वापरत नाही.

बसमध्ये दोन बायका धाकट्या बाईसाहेबांवर तोंडसुख घेत होत्या. "आपल्याला ताप असला तरी कामावर जावं लागतं, आणि हिला चार फिती कापायला जड होतंय!" दुसरी म्हणाली, "फोटो काढायला बरी असते, शाळेच्या कार्यक्रमाला मात्र गैरहजर. राजघराण्यात आलीस ना, मग उभी राहा." लग्नाच्या वेळी ह्याच बायकांनी तिला डोक्यावर घेतलं असणार. पेपरवाले दर रविवारी लोकांना विचारतात ना, राजघराण्यातलं कोण आवडतं? तेव्हा शंभरातल्या सत्तर जणांना ती हवी होती. ह्या रविवारी एकवीस.

माझ्या ओठांवर आलं होतं, की अगं बायांनो, तिला औषधं चालू आहेत, उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधार येतो तिच्या. पण राजवाड्यातल्या दुखण्याविषयी बाहेर चकार शब्द काढायचा नाही, हे तूच मला पहिल्या दिवशी शिकवलंस. मी मूग गिळून खिडकीबाहेर बघत बसले.

आणि तो फोटो! ज्या कुणी काढला आणि बाहेर दिला, त्याला काय मिळालं कोण जाणे. मधे चार नंबरचा पुतळा, बाईसाहेबांच्या मापाचा, खोळ उसवलेली. बाजूला काढलेल्या कापसाचा ढीग. छातीवर टाचलेली तुझी चिठ्ठी, 'कंबर आणखी दीड इंच कमी, पाचवी वेळ'. आणि कडेला फक्त एक हात, मधल्या बोटात पितळेचं अंगुस्तान. वर मथळा, 'कर्तव्यापेक्षा काया प्यारी!' म्हणजे बाई फोटोत छान दिसायला उपाशी राहतेय.

तू का म्हणालीस गं "मीच काढला" म्हणून? चिटणीससाहेबांनी विचारलं, "हा हात कुणाचा?" तू म्हणालीस, "माझा. फोटोही मीच काढला, डाव्या हाताने." एवढंच. एकतीस वर्षांची नोकरी, आणि तू पिशवी उचलून चालायला लागलीस. मी टाचण्यांचा डबा धरून तिथेच उभी होते. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.

उत्तर पाठव. दोन ओळी चालतील.

तुझी लाडकी,
घाईबाई

---

१७ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझं उत्तर नाही. मी रोज पोस्टमनची वाट बघते, तो आता मला बघून लांबूनच मान हलवतो.

आई परवा तुझ्याकडे येऊन गेली. म्हणाली, तू दार उघडलंस, पाणी दिलंस आणि एक शब्द बोलली नाहीस. तुझ्या दारावर कुणीतरी खडूने 'फितूर' लिहिलंय, आणि तू ते पुसलेलं नाहीस, हेही सांगितलं. वाण्याने तुला बाकीची गिऱ्हाइकं होईपर्यंत उभं ठेवलं म्हणे. आई सांगताना रडली. मग मला म्हणाली, "तू काही बोलू नकोस बाई, एकीचं झालं तेवढं पुरे झालं."

इथलं काम अंगावर आलंय. महाराजांना गादीवर येऊन पंचवीस वर्षं होतायत, पंचवीस तारखेला सगळं घर सज्जात उभं राहणार. दोन तास. खाली लाखभर माणूस. बाईसाहेब आल्या नाहीत तर लोक म्हणणार, बघा, ह्याही दिवशी नाही. आल्या आणि त्यांची हाडं दिसली तर म्हणणार, बघा, उपासाचे नखरे. चिटणीससाहेब दिवसातून तीनदा खोलीत डोकावतात. हुल्लडबाजी झाली तर काय, ह्या विचाराने त्यांना घाम फुटलाय.

पुतळ्यातून काढलेला कापूस बाईसाहेबांच्या पोशाखाच्या अस्तरात भरायची तुझी युक्ती मी वापरतेय. खांद्याला, कमरेला, कोपरांच्या वर. पण माझा कापूस गोळा होतो गं. बाहेरून गाठ दिसते. तू एवढे बारीक टाके कसे घालायचीस, मी रोज बघत होते आणि एकदाही नीट बघितलं नाही.

इस्त्रीवाल्या मावशी हल्ली माझ्याशी कामापुरतंच बोलतात. काल अचानक इस्त्री उभी करून म्हणाल्या, "तुझ्या आत्याचा फोन बटणांचा आहे ना गं?" मी म्हटलं, हो. "मग त्याला कॅमेरा कुठला?" आणि पुन्हा इस्त्री फिरवायला लागल्या. हे चिटणीससाहेबांच्या डोक्यात कसं आलं नाही? की आलं होतं, आणि कुणीतरी एक सापडलं म्हणून त्यांना बरंच वाटलं?

फोटोची चौकशी चोवीस तारखेला बंद होणार. त्याच दिवशी सुतार येणार आहे. भिंतीवरच्या लाकडी पाटीवर मुख्य शिंपिणींची नावं आहेत ना, शंभर वर्षांपासूनची? त्यातलं तुझं घासून काढायचं, खाली माझं लिहायचं. एकदा कागद बंद झाला की कायमचं. मग तू फितूर ती फितूरच.

माझा जीव थाऱ्यावर नाही. तुझा साठावा वाढदिवस सारखा आठवतो. केक कापून झाल्या झाल्या तू पुन्हा चार नंबरची खोळ उसवायला बसलीस. मी म्हटलं, आज तरी थांब. फोटोत किती छान हसत होतीस तू.

कळव काहीतरी. शिव्या दे हवं तर.

तुझी भाची

---

२४ ऑक्टोबर

आत्या,

आज नमस्कार नंतर. आधी हे वाच.

मागच्या पत्रात मी लिहून गेले की फोटोत तू हसत होतीस. पाकीट पेटीत पडलं आणि माझ्या लक्षात आलं. पेपरातल्या फोटोत तुझा नुसता हात होता. हसणारी तू फक्त मूळ फोटोत होतीस, माझ्या फोनमधल्या.

मी काढला. तुला माहीतच आहे, माझ्याकडे बघून तर हसत होतीस. फोन खाली ठेवून यायचा नियम मोडून मी तो एप्रनमधून वर आणला, कारण एकतीस वर्षांत तुझा तुझ्या टेबलाशी एकही फोटो नव्हता. मागे पुतळा आहे, चिठ्ठी आहे, काही बघितलं नाही. घाई. घाईबाई हे नाव उगाच नाही ठेवलंस. तो मी घरी पाठवला, आपल्या घरातली माणसं किती मोठी, हे मिरवायला. पुढे तो कसा फिरला ते मी शोधून काढलंय, पण ते मी तुझ्याशिवाय कुणाला सांगणार नाही.

तू "मीच" म्हणालीस तेव्हा मला काय वाटलं सांगू? सुटले, असं वाटलं. पहिलं तेच. लाज मागून आली, आणि मग गेलीच नाही. तरी मी तुझ्या खुर्चीत बसले, तुझ्या किल्ल्या कमरेला लावल्या आणि तुला पत्रात विचारलं, का गं म्हणालीस असं. थोबाडीत मारावीशी वाटली असेल तुला.

आज सकाळी सुतार आला. पाटी खाली उतरवून त्याने माझ्याच टेबलावर आडवी ठेवली आणि पॉलिश पेपर काढला. तेवढ्यात धाकट्या बाईसाहेब शेवटचं माप द्यायला आल्या, म्हणून मी त्याला दाराबाहेर थांबवलं.

मी गुडघ्यांवर बसून घेर टाचत होते. त्यांनी कमरेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हे टाके तिचे नाहीत."

मी म्हटलं, "नाही, बाईसाहेब."

"तिच्या हातचं घातलं की मला मी पूर्वीची वाटायचे. सज्जात उभं राहताना लोकांची भीती वाटायची नाही. म्हणून तिचा राग जास्त आला. लोक काय, ते आज ओवाळतील, उद्या ओरडतील. पण तिने माझ्या पुतळ्याचा फोटो विकावा?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या एकेक काढून मी डब्यात ठेवल्या. सात होत्या. मग म्हटलं, "तिने नाही. मी काढला. आणि विकला नाही कुणी, मी मूर्खासारखा घरी पाठवला."

इस्त्रीवाल्या मावशींची इस्त्री जागच्या जागी थांबली, कापड करपायचा वास आला तेव्हा कुठे त्यांनी ती उचलली.

बाईसाहेबांनी विचारलं, "तिला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि तू महिनाभर तिच्या खुर्चीत बसलीस."

"हो."

आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्या स्टुलावरून उतरल्या, मला हात धरून उठवलं, हात थंडगार होता त्यांचा, आणि म्हणाल्या, "मला सांगून माझं काय होणार? ज्यांना सांगायचं त्यांना सांग."

मी तशीच चिटणीससाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "उद्या एवढा मोठा दिवस, आणि आज तुला सुचतंय? लोकांचं मत एकदा झालं ते झालं. नव्याने कशाला उकरायचं?" मी म्हटलं, लोकांचं झालं असेल, माझं झालं नाही. कागद मागून घेतला, उभ्याउभ्याच लिहिलं, फोटो मी काढला, मी बाहेर पाठवला, आत्याचा संबंध नाही, खाली सही. ते घ्यायलाच तयार नव्हते. मागून बाईसाहेब आल्या आणि म्हणाल्या, "हा कागद आजच पेपरांना जाईल." त्या उभ्या राहिल्या होत्या दारात, चौकटीला धरून, पण उभ्या होत्या.

तेव्हा उद्याच्या पेपरात माझं नाव असेल. तुझ्या दारावरचा खडू माझ्या दारावर येईल. येऊ दे. कुणाला दाखवलास, हेही चिटणीससाहेबांनी खोदून खोदून विचारलं. आईने तो कौतुकाने समोरच्या काकूंना दाखवला होता, काकूंनी "मलाही पाठव की" म्हटलं, आणि तिने पाठवला. आईला अजून कळलेलं नाही की तो तिथूनच पेपरात पोचला. तिचं नाव मी घेतलं नाही. तू माझं घेतलं नाहीस, तसंच.

सुतार परत गेला. पाटी मी माझ्या हाताने भिंतीवर चढवली. तुझ्या नावाखालची जागा रिकामी आहे. किल्ल्या टेबलावर ठेवल्यात, तुझी उशी खुर्चीत ठेवलीय.

हे पत्र घेऊन राजवाड्याची गाडी तुझ्या दाराशी आलीय. चालकाजवळ एक खोकं आहे. त्यात उद्याचा पोशाख आहे, अस्तर उसवून दिलंय, माझे सगळे टाके काढून टाकलेत. कापूस वेगळा बांधलाय, अंगुस्तान वर ठेवलंय. बाईसाहेब म्हणाल्या, "ती आली तर तिच्या हातचं घालून उभी राहीन. नाही आली तर कापसाशिवाय उभी राहीन, मग लोकांना काय बघायचं ते बघू दे. पण उभी राहीन." आणि तुला सांगायला सांगितलंय, की हा हुकूम नाही.

माझ्यासाठी येऊ नकोस. मी राजवाड्यात नसेन, काम सोडून दुपारीच निघाले. माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू ठरव. खडू मात्र आज पुस. नाही तर राहू दे, उद्या सकाळी मी येते फडकं घेऊन, आणि तू दार उघडलं नाहीस तरी बाहेरून पुसून जाईन.

नमस्कार.

फोटो काढणारी,
तुझी भाची