न विचारता घेतलेली बंदूक

ओल्खोव्का नदीवरची झोपडी,
३ नोव्हेंबर १९९८

चि. प्रोखोर यास,

अग्राफेनाताईचे आशीर्वाद. मी खुशाल नाही, आणि त्याला कारण तू आहेस.

जुन्या बंदुकीची नळी झिजली, तेव्हा तुला तीनदा बजावलं होतं, बारीक गोळीची ५.६ चीच आण म्हणून. परवाना माझा, खांदा माझा. तू पाठवलीस जाड गोळीची ७.६२. लवेसाठी मारायचा सेबल मांजराहून लहान असतो, हे तालुक्याला राहून विसरलास का? पहिल्याच दिवशी माझ्या बेल्कानं भुंकून भुंकून एकाला झाडावर अडवून धरलं. मी नेहमीसारखा डोक्यावर नेम धरला. खाली पडलं ते अर्धंच. उरलेली लव बर्फावर उडत होती. असे तीन झाले. पीठ आणून कातडी नेणारा येफीम भोकात मूठ घालून विचारतो, काकू, हा बंदुकीनं मारलात की कुऱ्हाडीनं? त्याला मी चहासुद्धा दिला नाही.

लोभ सध्या आवरता घेतला आहे.

ताई

१७ नोव्हेंबर

ति. ताईस,

साष्टांग नमस्कार. राग काय तुलाच येतो?

यंदा देवदाराला फळ धरलं नाही. अस्वलं उपाशी आहेत, हिवाळ्यासाठी झोपलेली नाहीत. खालच्या गावात एकानं गोठ्यातून गाय ओढून नेली. तू एकसष्ट वर्षांची, रानात एकटी. अस्वलानं फाडलेले बाबा सापडले तेव्हा तू सासरी होतीस. एकोणीस वर्षांचा मी होतो. त्यांच्या शेजारी ५.६ पडली होती आणि तीन रिकामी काडतुसं. कातड्याला भोकं पडली तर पडू देत. तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही.

रागावलीस तरी पत्र पाठव.

प्रोखोर

३० नोव्हेंबर

चि. प्रोखोर यास,

आशीर्वाद. येफीमकडून तिखटमीठ लावून ऐकशील, म्हणून मीच लिहिते.

तुझी ती बंदूक सेबलला निरुपयोगी, वर धोंड्यासारखी जड. म्हणून ती खुंटीला टांगून मी गुरुवारी रिकाम्या हातांनी सापळे बघायला गेले. परतताना झोपडीजवळच मागून अस्वल आलं, हाडं दिसत होती त्याची. बेल्का त्याच्या मागच्या पायाला लोंबकळली. मी पाठ न वळवता दोनशे पावलं मागं सरत झोपडीत आले, खुंटीवरून बंदूक काढली आणि परत गेले. एकाच गोळीत पडलं ते. बेल्का तोवर गेली होती.

तेव्हा तुझी बंदूक चालली. खूश होऊ नकोस. मला विचारलं असतंस तर मी दुनळी सांगितली असती, एक नळी बारीक, एक जाड. ती खांद्यावरून उतरलीच नसती. बाबांकडेही मोठी बंदूक होतीच. जड म्हणून तेही ती माझ्यासारखी खुंटीलाच ठेवून गेले असणार. तेव्हा ५.६ ला दोष देऊ नकोस.

बेल्का नाही, तर झोपडीत बोलायलाही कुणी नाही.

ताई

१२ डिसेंबर

ति. ताईस,

नमस्कार. बाबांची मोठी बंदूक त्या दिवशी खुंटीवर नव्हती. पहाटे मीच ती उचलून नेली होती, एल्क हरीण मारून मित्रांपुढे मिरवायला. त्यांना विचारलं नव्हतं. परत आलो तर ते घरी नव्हते. मग शोधायला निघालो. ती बंदूक नंतर खुंटीला लावलीच नाही, नदीत टाकली.

सदतीस वर्षांत हे कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. दुकानात ५.६ हातात घेतली होती, ताई. ती घेऊन दारापर्यंत येववेना.

आता काय म्हणायचं ते म्हण.

प्रोखोर

२६ डिसेंबर

चि. प्रोखोर यास,

तुझं पत्र चुलीत टाकायला निघाले होते. टाकलं नाही.

आई मरेपर्यंत त्या रिकाम्या खुंटीवर धूळ बसू देत नव्हती. ते गेल्यावर कुणीतरी खुंटीवरून बंदूक चोरली असेल म्हणायची. तू समोर बसून सूप प्यायचास. याचा राग इतक्यात जायचा नाही, आणि जावा असं मलाही वाटत नाही.

पण एकोणीस वर्षांचं पोर ते ओझं घेऊन घरात वावरत होतं आणि मी सासरहून दर पत्रात तुला आळशी म्हणत होते. तेही मला आठवतं.

येफीम सोमवारी गावाहून निघेल. त्याच्या बर्फगाडीवर मागं बसून ये. लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड घाल, एकानं भागणार नाही. मग ही बंदूक बदलून घ्यायला आपण दोघं दुकानात जाऊ. तू गप्प उभा राहा. निवडीन मी.

ताई