थोरल्या जावयाची पाच बेटं

३० एप्रिल २०२५, आखाजी (अक्षय्य तृतीया). सासरवाडी, दोंडाईचा.
आमरस उत्तम. बाकी दिवस वाया.
प्रेमराज अंदमानला जाऊन आला. प्रेमराज म्हणजे माझा साडू, धाकटा जावई, मेहुणी सुलक्षणाचा नवरा. धुळ्याला ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान. तीन बेटं पाहिली म्हणे. रॉस, नील, हॅवलॉक. नावं अशी घेतो की गल्लीतली पोरं वाटावीत. सासूबाईंनी तुपाची धार आधी त्याच्या ताटात धरली. का, तर समुद्र पाहून आलेत. लग्न झाल्यापासून हा मान माझा. निषेध म्हणून पुरणपोळ्या दोनच खाल्ल्या. कोणाच्या लक्षातही आलं नाही.
मला त्याचा हेवा वाटत नाही. नोंदवून ठेवतो.

१ मे. एरंडोल.
प्रेमराजने डीपी बदलला. गुडघाभर पाण्यात, शर्टावर पोपट, डोळ्यांवर गॉगल. त्याच्या पोटऱ्या पांढऱ्या आहेत हे आता उभ्या खानदेशाला कळलं. फोटो मोठा करून पाहिला. जेवणानंतर पुन्हा पाहिला.
संकल्प: दिवाळीनंतर अंदमान. पाच बेटं! त्याची तीन, वर लाँग आयलंड आणि बाराटांग. बाराटांगला चिखलाचा ज्वालामुखी आहे. ज्योती म्हणाली, चिखल बघायला एवढ्या लांब कशाला? बायकोला व्हिजन नाही. मग हळूच म्हणाली, मला नुसते पाय बुडवायचेत. तिने समुद्र पाहिलेला नाही. मीही नाही, पण माझा अभ्यास आहे.

९ जून
प्रेमराजचा फोन. मुद्दाम विचारलं, भाऊ, तुम्हाला एस.टी. लागते ना, बोट झेपेल का? एस.टी. लागते ही ज्योतीने माहेरी पसरवलेली अफवा आहे. पारोळ्याच्या रस्त्यात झालं होतं ते भरितामुळे.
तरी सराव हवा. घरात झोका आहेच. उद्यापासून रोज अर्धा तास, डोळे उघडे ठेवून.

१० जून
झोका. दहा मिनिटं. शेंगदाणे जुने होते बहुतेक.

२ जुलै
आज झोका नाही. कडी कुरकुरते, तेल घालायला हवं. वाळूत चालण्याचा सराव म्हणून गिरणा नदीच्या पात्रात अनवाणी उतरलो. नेमका चिखल निघाला. बाराटांगची तयारी झाली म्हणायची.

५ सप्टेंबर
तेल अजून घातलेलं नाही.
प्रेमराजने सासरवाडीच्या गणपतीच्या भंडाऱ्यात तेच पोपट घातले. माणसं त्याच्याभोवती, मी कढईजवळ. एकाने मला विचारलं, तुम्ही कधी जाणार? मी म्हणालो, पाच बेटं. त्याने ऐकलं नाही, प्रेमराजकडे वळला.

१५ नोव्हेंबर
निरोप द्यायला गल्ली लोटली. नारळ, टोप्या, टॉवेल. प्रेमराज धुळ्याहून खास आला. त्याचा टॉवेल सगळ्यांत मोठा. दाखवायची हौस! शेजारचे लोटन आबा म्हणाले, "समुद्रनं पानी खरंच खारं शे का, चाखी ये." सांगितलं, पाचही बेटांचं चाखून येतो.

१८ नोव्हेंबर, सकाळ. पोर्ट ब्लेअर.
आज रॉस. टूरवाली डिंपल सगळ्यांना बोट लागू नये म्हणून गोळी देत होती. घेतली नाही. प्रेमराजने घेतली असणार.

त्याच दिवशी, दुपार. हॉटेल.
बोट अजून धक्क्याला दोराने बांधलेली होती.
प्रेमराजचा टॉवेल मोठा होता ते बरं झालं.

१९ नोव्हेंबर
पुन्हा प्रयत्न. धक्क्यापर्यंत गेलो. पाणी हलताना पाहिलं. परत आलो.
ज्योती माझ्यासाठी थांबायला तयार होती. मी मोठ्या मनाने म्हणालो, तू जा ग्रुपबरोबर. वाटलं, नको म्हणेल. गेली.

२१ नोव्हेंबर
ज्योतीचा फोटो आला. साडी वर खोचलेली, गुडघाभर पाण्यात, तोंड उघडं टाकून हसतेय. माझ्या कुठल्याही विनोदाला ती एवढी हसलेली नाही. पहिल्यांदाच प्रेमराजचा नाही, समुद्राचा हेवा वाटला. इथे लिहितो, बाहेर बोलणार नाही.
डाळ-भात. हॉटेलच्या खिडकीतून नारळाचं झाड दिसतं. अर्धं.

२८ नोव्हेंबर. एरंडोल.
ज्योतीने आबांसाठी बाटलीत समुद्र भरून आणला. मला सुचलं नव्हतं. आबांनी बोट बुडवून चाटलं, तोंड वाकडं केलं, "बठ्ठं खारं शे!" म्हणजे सगळंच खारं. मग अख्खी गल्ली चाटायला.
कोणीतरी विचारलं, रतिलालभाऊ, पाचही झाली? मी बाटलीचं बूच शोधायला लागलो. ज्योती पटकन म्हणाली, हे होते म्हणून पाचही पाहिली.
स्वयंपाकघरात मी विचारलं, खोटं का बोललीस? ती म्हणाली, खोटं कुठे, तुम्ही होतात म्हणूनच पाहिली. त्या प्रेमराजच्या पोपटांवर जळला नसतात तर आपण गेलो असतो का?
माझ्या जळण्याचा कोणाला उपयोग झाल्याचं हे पहिलंच उदाहरण.

१९ एप्रिल २०२६, आखाजी. दोंडाईचा.
सासूबाईंनी तुपाची धार आधी माझ्या ताटात धरली. वर्षभर याचीच वाट पाहिली. ज्योतीने समोरून पाहिलं नि मान खाली घातली. तरी पोळ्या चार खाल्ल्या.
जेवणानंतर बाया अंगणातल्या झोक्यावर. ज्योती चिखलाचा ज्वालामुखी सांगतेय, सगळ्या ऐकतायत. मी आणि प्रेमराज ओट्यावर. तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, भाऊ, मानलं तुम्हाला. मी तर तिन्ही बेटांपर्यंत उलट्याच करत गेलो. सुलक्षणा तोंड पुसून द्यायची, गॉगल चढवायची, मग फोटो. तुमचं पोट कसं काय टिकलं?
मी म्हणालो, सराव.
म्हणजे वर्षभर मी ज्याच्यावर जळलो, तो फोटोत गॉगलमागे आजारी होता. आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण थोडाच वेळ. कारण ओकत का होईना, तो तिन्ही बेटांवर पोचला. भर समुद्रातून.
माझी बोट बांधलेली होती.
ज्योतीने झोका द्यायला हाक मारली. उठलो. दोर धरला आणि डोळे मिटून घेतले.