पुतळ्यातील गृहस्थ आमचे कोणीही नाहीत

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपालिका कार्यालय,
(पुतळे व उद्याने विभाग)

विषय : चौकातील पुतळ्याविरुद्धचा आमचा पहिला अर्ज मागे घेण्याबाबत व त्याऐवजी एक दाखला मिळण्याबाबत.

संदर्भ : पहिल्या अर्जावर आपल्या बड्या कारकुनांनी खिडकीतून दिलेले तोंडी उत्तर.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवितो की,

१. माझे आजोबा या शहरातले पहिले फोटोग्राफर. त्या काळी फोटो काचेवर निघत. मोठे गिऱ्हाईक येणार असले की आजोबा आधी घरातल्या कोणाला तरी स्टुडिओचा काळा कोट चढवून खुर्चीत बसवत आणि एक काच खर्च करून उजेड तपासत. या कामी नेहमी आजीचे भाऊ बसत, कारण ते इतर वेळीही बसलेलेच असत. कोट ढगळ होता, म्हणून मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावत.

२. शहराचे पहिले नगराध्यक्ष फोटोसाठी येणार होते. ते आजारी पडले आणि फोटो न काढताच वारले. उजेड तपासल्याची काच तेवढी पाकिटात राहिली. पाकिटावर आजोबांच्या अक्षरात ‘अध्यक्ष, सकाळचा उजेड’ असे आहे. आपल्या समितीने जुने फोटो मागवले तेव्हा दुकान चालवणाऱ्या माझ्या थोरल्या भावाने पाकीट वाचले, काच पाहिली नाही. समितीनेही तेच केले. अध्यक्षांच्या नातवाने ‘नाक आमचंच आहे’ असा निर्वाळा दिला आणि पुतळा ओतला गेला. पुढून कोट अंगाबरोबर बसला आहे. मागची बाजू शिल्पकारांनी कल्पनेने केल्यामुळे गृहस्थ मागून बरेच सुखवस्तू दिसतात. खाली ‘नगराचा सकाळचा उजेड’ असे कोरले आहे.

३. आता सदर उजेडाविषयी. आजोबा परगावी गेले असताना खुर्चीत बसणाऱ्या या गृहस्थांनी दुकानातल्या सगळ्या काचा रोपवाटिकेच्या मालकास विकल्या. त्यास रोपांसाठी काचेची खोली बांधायची होती. शहरातली लग्ने, बारशी, म्हातारी माणसे, सारे गरम पाण्यात सोडा घालून खरवडून काढण्यात आले. माझी आत्या, म्हणजे आजोबांची मुलगी, तेव्हा लहान होती. तिची आई नुकतीच वारली होती आणि आईचा एकुलता एक फोटो त्या काचांत होता. आत्या धावत पोहोचली तेव्हा काळपट साली गटारातून वाहत होत्या. त्यात आई कोणती, हे ओळखू येत नव्हते. गृहस्थ तिथेच उभे होते. म्हणाले, “रडतेस काय? काचा कशा लख्ख झाल्या बघ की.” त्यांची स्वतःची काच कोपऱ्यात फुटकी होती, म्हणून रोपवाटिकेने ती नाकारली. शहराचा पहिला पुतळा असा निवडला गेला, हे आपल्या माहितीस्तव.

४. परवा, अनावरणाआधीच, वाऱ्याने पुतळ्यावरचे कापड उडाले. आत्या भाजी घेऊन येत होती. पिशवी तिथेच टाकून ती घरी आली आणि बराच वेळ हात धूत बसली. दुसऱ्या दिवशी आपले निमंत्रण आले. पहिला हार फोटोग्राफरच्या कन्येने घालावा, असे ठरले आहे म्हणे. आत्याने ती पत्रिका चिमट्याने उचलून व्हरांड्यात ठेवली.

५. म्हणून आम्ही पुतळा हलवण्याचा अर्ज केला. बडे कारकून म्हणाले की हरकत फक्त पुतळ्यातल्या माणसाच्या नातेवाइकासच घेता येते. “आधी तो तुमचा आहे हे सिद्ध करा, मग तो आमचा नाही हे आम्ही बघू.” त्यांनी प्रतिज्ञापत्राचा नमुनाही दिला. त्यात नात्याच्या रकान्यात आत्याने ‘सख्खा मामा’ असे स्वहस्ते लिहायचे होते.

६. महोदय, आत्याने उभ्या हयातीत या माणसास मामा म्हटलेले नाही. घरात विषय निघालाच तर ‘तो इसम’. तिने पेन उघडले, रकान्यावर टेकवले आणि परत मिटले. म्हणाली, “मी लिहिलं तर तो माझा होतो, नाही लिहिलं तर गावाचा. राहू दे गावाकडे. पावसात तरी भिजेल.”

सबब, पुतळ्याविरुद्ध आमची हरकत नाही. तो आपणास लखलाभ असो. मात्र पुतळ्यातील गृहस्थ माझ्या आत्याचे कोणीही नाहीत व कधीही नव्हते, असा दाखला आपल्या सही-शिक्क्यानिशी समारंभापूर्वी मिळावा. तो देण्यास अडचण नसावी, कारण आपल्याच म्हणण्यानुसार ते नगराध्यक्ष आहेत. आत्याकडे आपल्या माणसाचा फोटो नाही. जो आपला नाही, त्याचा निदान कागद तरी तिच्याकडे असावा.

आपला नम्र, आणि सदर गृहस्थांचा कोणीही नसलेला,
फोटोग्राफरचा धाकटा नातू
दिनांक : ४ नोव्हेंबर

सोबत :
१) निमंत्रणपत्रिका (परत).
२) कोरे प्रतिज्ञापत्र. नात्याच्या रकान्यात शाईचा एक ठिपका आहे. त्याचा कोणताही अर्थ काढू नये.