माझ्या पहिल्या नवऱ्यास

कुवेत

राशिदचे आदरणीय वडील मिशारी यांस त्यांच्या जुन्या सोबत्याचा, म्हणजेच रंगमंचावरच्या बायकोचा, सलाम. तुमची तब्येत, तुमचे गुडघे आणि तिकडे बहरीनला मुहर्रकमधली सून-नातवंडं खुशाल असावीत. इकडे सर्व ठीक. डॉक्टरांनी माझे खजूर बंद केले, म्हणून मी डॉक्टर बंद केलाय. (इथवर मान राखला. आता अरे-तुरेवर येतो, हात दुखायला लागला.)

तर झालं असं, की इथली एक कंपनी आपल्या जुन्या नाटकमंडळीवर रमजानसाठी मालिका काढते आहे. त्या काळी बायका रंगमंचावर येत नसत आणि आपल्या मंडळीतल्या सगळ्या बायका मीच करायचो, हे कुणीतरी दिग्दर्शकाच्या कानावर घातलं. तो घरी येऊन म्हणाला, "काका, आमच्या हिरोला बाई व्हायला शिकवा." हिरो म्हणजे व्यायामशाळेतला खांब. बायकांचा काळा अबाया चढवला की तंबू उभारल्यासारखा दिसतो. मी त्याला समजावलं, की बाबा रे, समुद्रावर धुणं नेणारी बाई डोक्यावर गाठोडं नसतानाही ते असल्यासारखीच चालते. तो म्हणाला, "कुठलं गाठोडं, काका?" शेवटी चित्रीकरणाच्या जागी जाऊन मीच अबाया घातला, तोंडावर बुरखा ओढला आणि चालून दाखवलं. (कंबर अजून लचकते. नंतर दोन दिवस शेक घ्यावा लागतो, एवढंच.)

चित्रीकरणाचे दिवे लावेपर्यंत मी त्याच वेशात जरा बाहेर वाऱ्याला थांबलो. तिथे नवा पहारेकरी. त्याने मोठ्या अदबीने मला नेऊन बायकांच्या खोलीत बसवलं. गर्दीच्या प्रसंगासाठी आलेल्या बायका चहा पीत होत्या. तोंड उघडावं तर अब्रू जाते, म्हणून मी नुसता सुस्कारा टाकला (माझ्या ज्या सुस्काऱ्याला टाळी पडायची, तोच). झालं. उम्म दारी नावाच्या एका बाईला माझी इतकी दया आली, की तिने लगेच स्थळ काढलं. "माझा भाऊ आहे, मावशी. विधुर आहे, पण दात स्वतःचे आहेत." मला हसू आवरेना, आणि हसू निघालं ते मी टीव्हीवर करतो त्या आजोबांचं, घराघरांत माहीत असलेलं. उम्म दारीने चप्पल हातात घेतली, माझ्या तोंडाजवळ येऊन निरखून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हा तर गेल्या रमजानच्या मालिकेत लेकरांच्या आईला टाकून गेलेला म्हातारा. याला दोन दिल्याच पाहिजेत." एक दिली. मग सगळ्यांनी माझ्याबरोबर फोटो काढले.

हे ऐकून दिग्दर्शक म्हणाला, शेवटच्या भागातला म्हातारा नट तुम्हीच करा. तो नट आपल्या दोघांचा जुना प्रवेश एकदा करून दाखवतो. नवरा मोती काढायला निघालाय, बायको किनाऱ्यावर उभी आहे. नवऱ्याच्या कामाला एका पोराला पांढरी दाढी चिकटवली आहे. बातम्या वाचल्यासारखा निरोप घेतो रे. मला रडू येणार कसं? तू होडीकडे वळलास, की दरवेळी वाटायचं, हा आता परत येत नाही. (एकदा खरंच आला नाहीस. आत चहा पीत बसला होतास, आणि मी एकटीने अर्धा तास विलाप केला.) इतकी वर्षं टीव्हीवर गलबताचा नाखुदा झालो, आजोबा झालो, रस्त्यातली पोरं सलाम करतात. पण मला टाळ्या आठवतात त्या तुझ्यासमोरच्याच.

तुझाच (तेव्हाची तुझीच),
खलफ

ता. क. नवऱ्याचं काम तू करायचंस. गुरुवारी गाडी न्यायला येईल. तुझा होकार मी कळवून टाकलाय.

ता. क. गुडघ्यांचं निमित्त सांगू नकोस. होडीत तुला बसूनच राहायचं आहे.

ता. क. राशिदला बोलू नकोस, पण त्याचा फोन आला होता. वहिनी गेल्यापासून तू मशिदीच्या पलीकडे पाऊल टाकत नाहीस म्हणाला. खरं सांगायचं तर ते दाढीवालं पोर फार छान काम करतं. मी पहिल्याच खेपेला रडलो आणि प्रवेश चित्रित होऊनही गेला. दिग्दर्शकाच्या हातापाया पडून तो पुन्हा घ्यायला लावलाय. ऐन वेळी तो नाही म्हणाला तर माझ्या अंगणात करू. तू ये.