बोटीवरची तिसरी खुर्ची, आणि मी माफी का मागणार नाही

नॉर्थ पॉइंट, हाँगकाँग,
रविवार, सकाळचा चहा झाल्यावर

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढाच वाकून). तुझा गुडघा कसा आहे? रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरच्या सांगण्यावरून घेतेस, की अजून शेजारच्या लाउबाईंच्या सांगण्यावरून? गॅलरीतल्या संत्र्याच्या झाडाला यंदा फळं धरली का? इकडे मी ठणठणीत आहे. हे मुद्दाम लिहितेय, कारण तुझा निरोप ऐकून कुणालाही वाटेल की माझं डोकं फिरलंय.

हो, ऐकला तुझा निरोप. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलास ना, तो लांबलचक? मी ऐकला, माझ्या पोराने, चुन-कितने ऐकला, सूनबाई पुइ-मानने ऐकला, कॅनडातल्या भाच्यांनी ऐकला, आणि मी तो ट्रॅममध्ये बसून मोठ्या आवाजात लावल्यामुळे ट्रॅमच्या वरच्या मजल्यानेही ऐकला. (समोरच्या बाईने उतरताना माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मी तिच्याच घरात घुसून जेवले.) तुझं म्हणणं थोडक्यात असं, की सत्तर वर्षांच्या बाईने बोटीवरच्या महागड्या हॉटेलात परक्यांच्या टेबलावर जाऊन बसणं, पोराची अब्रू घालवणं आणि सुनेला रडवणं हे काही शोभत नाही, तेव्हा मी पुइ-मानची माफी मागावी. ताई, मी माफी मागणार नाही. आणि पत्र अशासाठी लिहितेय, की फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. आता बोल मध्येच, बघू कशी बोलतेस ते.

तर ऐक. सहल कुणाची होती? माझी. सत्तराव्या वाढदिवसाची. काइ ताकच्या धक्क्यावर सामान चढवताना चुन-कित दहा जणांना सांगत होता, "आईचा सत्तरावा आहे, म्हणून निघालोय." मीही फुगून गेले, नवं जांभळं जाकीट घालून मिरवत होते. ओकिनावाला जायचं, यायचं, मध्ये खायचं. आता बोटीवर खाण्याच्या दोन जाती असतात, हे तुला माहीत नसेल. एक बुफे, सगळ्यांसाठी, जिथे माणसं ताटात खेकड्यांचे डोंगर रचतात आणि मग बसायला जागा शोधत ताट घेऊन हिंडतात. आणि दुसरी खास हॉटेलं. इटालियन, जपानी, भाजलेल्या मांसाचं एक. तिथे पांढरे टेबलक्लॉथ, काचेपलीकडे समुद्र, आणि आधी बुकिंग केल्याशिवाय दारात उभंसुद्धा करत नाहीत. ही बुकिंगं पुइ-मानने घरूनच फोनवर करून ठेवली होती. रोजची. तिन्ही हॉटेलांची. दोघांची.

दोघांची, ताई! मी विचारलं, माझं काय? तर म्हणते, "आई, तुम्हाला काट्या-सुरीचं खाणं कुठे आवडतं? तुम्ही बुफेत खूश असता." आता मी बुफेत खूश असते हे हिला कुणी सांगितलं? पहिल्या दिवशी होते, खोटं कशाला बोलू (खेकडे ताजे होते). पण वाढदिवसाच्या दिवशीसुद्धा मी ताट घेऊन हिंडायचं, आणि हे दोघं वर इटालियन हॉटेलात मेणबत्ती लावून बसणार, आणि मग जेवून आल्यावर केबिनमध्ये माझ्यासमोर केक कापणार? आणि शेवया? सत्तरावा वाढदिवस आणि लांब आयुष्याच्या लांब शेवया नाहीत, म्हणजे यमराजाला आपणच "या, बसा" म्हटल्यासारखं! बुफेतल्या शेवया मी पाहून आले होते. बोटाएवढ्या तोडलेल्या. असल्या शेवया खाऊन माणूस पुढच्या आठवड्यापर्यंत तरी जगेल का? मला फक्त एवढंच हवं होतं, की त्या संध्याकाळी माझ्या माणसांबरोबर एका टेबलावर बसावं आणि लांब शेवया खाव्यात. यात काय मागितलं मी जगावेगळं?

म्हटलं, ठीक आहे, बुकिंगच करायचं ना, मी करते. गेले खाली काउंटरवर. तिथली मुलगी गोड होती, हसून बोलली, पण म्हणाली, "आजी, एका माणसाला टेबल देत नाही आम्ही. दोघांपासून पुढे. दुसरं कुणी आहे का तुमच्याबरोबर?" मी म्हटलं, "होतं गं, पण ते सहा वर्षांपूर्वी गेलं. आता कुठून आणू?" बिचारी लाल झाली, मला चॉकलेट दिलं, पण टेबल काही दिलं नाही. चॉकलेट मी तिथेच उभ्या उभ्या खाल्लं आणि ठरवलं, आज जेवायचं तर इटालियनमध्येच.

आता यापुढचं तुला पुइ-मानने रडत रडत सांगितलंय, ते विसर. संध्याकाळी मी जाकीट घालून, केस विंचरून वर गेले. दारातली पोरगी एका गोऱ्या जोडप्याशी बोलत होती, मी आत. चौघांच्या एका टेबलावर दोनच माणसं बसलेली, नवरा-बायको, आपल्याच वयाच्या आसपासची, आणि दोन खुर्च्या रिकाम्या. सांग ताई, रिकामी खुर्ची दिसली तर आपण काय करतो? जन्मभर आपण चहाघरात कुणाकुणाच्या टेबलाला बसलो. शेजारचा पेपर वाचत असतो, आपण आपलं खात असतो, कुणी कुणाला "तुम्ही कोण" विचारत नाही. तशीच मी खुर्ची ओढली, विचारलं, "इथे कुणी आहे?" आणि उत्तराची वाट न बघता बसले. त्या बाई म्हणाल्या, "बसा, बसा." हाँगकाँगचं माणूस रिकाम्या खुर्चीला नाही म्हणूच शकत नाही, त्याची जीभच वळत नाही. त्या जोडप्याचं नाव मोक. त्यांचं बुकिंग चौघांचं होतं, पण मुलींनी ऐन वेळी गाण्याच्या खोलीकडे पळ काढला होता, त्यामुळे नवरा-बायको तोंडं फुगवून, एक शब्द न बोलता समुद्राकडे बघत बसली होती.

मग मी चहा मागवला, आणि आल्याबरोबर काटे, सुरी, चमचा, पेला, सगळं गरम चहाने खळखळून धुतलं आणि ते पाणी सूपच्या वाडग्यात ओतलं. चहाघरात धुतल्याशिवाय कोण जेवतं? वेटर पांढराफटक. त्याला वाटलं, काटे घाण निघाले! धावत जाऊन नवे घेऊन आला. नवे आणले म्हणून मी तेही धुतले. मग मॅनेजर आला, कोटबिट घातलेला, माफी मागत, त्याने स्वतःच्या हाताने पुसून तिसरे मांडले. तोवर मोकांनीही सवयीने आपले धुवायला घेतले होते, आणि मोकबाई सांगत होत्या, "अहो, सुरीची मूठ राहिली." नवराबायको बोलायला लागली की नाही? तू यालाच अब्रू घालवणं म्हणतेस ना?

मॅनेजरने मग केबिनचा नंबर विचारला, बुकिंग विचारलं. मी पर्समध्ये काहीतरी शोधत असल्यासारखं केलं, खरंच सांगते. तोच मोकबाई म्हणाल्या, "ही माझी बहीण. बुकिंग चौघांचं आहे, ही तिसरी. तुमचं काय जातंय?" मॅनेजर कोट सारखा करत निघून गेला. मी मागवल्या शेवया (इटालियन शेवया लांब असतात, त्या माणसांना अक्कल आहे), कोळंबी घातलेल्या, चॉपस्टिक मागितल्या, आणि ताट मध्ये ठेवायला लावलं. प्रत्येकाने आपापल्या ताटात तोंड घालून खाणं ही काय रीत झाली? पलीकडचा एक म्हातारा बराच वेळ काट्याशी झटत होता, त्यानेही मग वेटरला हाक मारून चॉपस्टिक मागितल्या. शेवया मी एकही न तोडता ओढल्या. आवाज झाला. होणारच! गुपचूप खाल्लेल्या शेवयांनी कुणाचं आयुष्य वाढलंय?

आवाजानेच चुन-कितचं लक्ष गेलं. चार टेबलं सोडून दोघं बसली होती, आणि पुइ-मानच्या मागच्याच टेबलाला तिच्या ऑफिसातल्या साहेबीणबाई. पुइ-मानने मेनूकार्डच तोंडापुढे धरलं. पोरगा उठून आला, कान लाल, हळू आवाजात म्हणतो, "आई, लोक बघतायत. चल, तुला केबिनमध्ये काहीतरी मागवून देतो." मी म्हटलं, "तू उभा आहेस म्हणून बघतायत. बस खाली. एक खुर्ची आहे." मोकांनी खुर्ची ओढूनही दिली. त्याने खुर्चीकडे पाहिलं, मागे वळून बायकोकडे पाहिलं, आणि परत गेला.

तर ही माझी बाजू. घुसले असेन, पण माझ्याच वाढदिवसाला घुसले, आणि घुसावं का लागलं हे कुणी मला विचारत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घुसेन, आणि काटे पुन्हा धुवेन. माफी-बिफी विसर. लाउबाईंना सांगायचं तर हे पत्रच वाचून दाखव, म्हणजे निदान खरं तरी सांगशील.

तुझी हट्टी धाकटी,
युक-लिन

ता. क. पुइ-मानकडे काल कमळाच्या मुळ्यांचं सूप पाठवलं, डुकराची हाडं घालून, दुपारभर उकळून. तिला ऑफिसात साहेबीणबाई काही बोलल्या असतील, म्हणून. ती माफी नाही, सूप आहे. डबा धुऊन परत आला आणि त्यात संत्री होती. आम्ही दोघी यावर काही बोललो नाही, तूही ग्रुपवर बोलू नकोस.

आणखी एक ता. क. मोकबाईंनी मला फोनवरून बुकिंग करायला शिकवलं. हिवाळ्यातल्या बोटीची तिन्ही हॉटेलं मी घेऊन ठेवली आहेत, खिडकीजवळची. एकाला देत नाहीत म्हणून दुसरं नाव तुझं घातलंय. बोट लागते वगैरे सांगू नकोस, तुला डबल-डेकर बसही लागते आणि तरी तू रोज बाजाराला जातेस.

शेवटचं. शेवया आल्या तेव्हा मोकबाईंनी पहिला घास नवऱ्याच्या वाडग्यात घातला. मीही ताटातली सगळ्यात मोठी कोळंबी उचलली, आणि हात आपोआप चौथ्या खुर्चीकडे गेला. तिथे वाडगा नव्हता. मग ती मीच खाल्ली. चांगली होती. तू ये.