हिरवळीवरची परात

गृहस्वामिनीस सविनय आशीर्वाद.

एका घोर अन्यायाची नोंद घ्यावी. तू माझ्या बॅगेत तीन मफलर भरलेस आणि टोपी एकही नाही. इथे ऊन असं, की खडकाला हात लावायची सोय नाही. एक मफलर डोक्याला गुंडाळून हिंडतो. लोक आदराने वाट देतात.

तुझा गुडघा कसा आहे? जिना दिवसातून एकदाच चढ, ही आज्ञा समज.

माझं काम तुला ठाऊकच आहे. पत्र्याच्या मोठ्या परातीतलं पाणी रोज किती उडून जातं ते मोजायचं, आणि त्यावरून गावाचं तळं किती दिवस पुरेल ते सांगायचं. गंमत म्हणजे ही परात ऑफिसच्या हिरवळीवर, कारंज्याशेजारी! तळ्याभोवती मात्र उघडा खडक आणि कोरडा वारा. मी दुसरी परात तळ्याकाठी नेऊन ठेवली. तिथे दीडपट पाणी उडतं.

साहेब म्हणाले, "शास्त्रीबुवा, पाणी इथून तिथून सारखंच. हिरवळीचा आकडा घाला आणि अहवालावर सही करा."

म्हटलं, "साहेब, माणूसही इथून तिथून सारखाच. तुमची खुर्ची तळ्याकाठी टाकू?"

सही केलेली नाही. करणारही नाही. घरी पाठवलं तर खुशाल येईन.

काळजी वेगळीच आहे. माझा आकडा खरा असेल, तर तळं महिनाभर आधी आटेल, आणि गावात अजून कुणालाच ते माहीत नाही.

तुझाच,
हट्टी