मसुदा कोणाचा आणि घर कोणाला

मी, दमयंती श्रीनिवास लासूरकर, वय वर्षे ७७, निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापिका, राहणार समर्थनगर, औरंगाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. ‘नशापाणी न करता’ हे शब्द घातलेच पाहिजेत असे वकील म्हणाले, म्हणून घातले. मला मधुमेह आहे, गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला माणसे येऊन गेली, चहा पिऊन परत गेली.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी तसा कागद दाखवल्यास तो खोटा समजावा, आणि कोणी दाखवला ते लिहून ठेवावे.

१. माझे पती श्रीनिवास २००४ साली वारले. आम्हाला मूलबाळ नाही. पतीचे धाकटे भाऊ हेमचंद्र लासूरकर मंत्रालयात उपसचिव होते, पुढे प्रगत ऊर्जा शोधनिधी मंडळाचे पहिले सदस्य-सचिव झाले. गेल्या दिवाळीत त्यांच्या मुलाने टेप लावून माझ्या अंगणाचे माप घेतले आणि इथे चार मजले आरामात बसतील असे माझ्यादेखत बापाला सांगितले. हे घर मी माझ्या पगारातून घेतले आहे. ते माझ्या एकटीच्या नावावर आहे. हेमचंद्र, त्यांची पत्नी, मुलगा किंवा सून यांना त्यातली एक वीटही मिळू नये.

२. का, ते लिहिते. वकिलांच्या मते मृत्युपत्रात कारणे देण्याची गरज नसते. मला आहे.

माझे वडील निजामाच्या महसुली कचेरीत कारकून होते. पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा मी दहा वर्षांची होते. सरकार बदलले, कचेरीची भाषा उर्दूची मराठी झाली, वडिलांनी पन्नाशीत नव्याने अक्षर घोटले. कागद नीट लिहिला तर कोणतेही सरकार तो वाचते, असा त्यांचा विश्वास होता. तोच विश्वास मला वारशात मिळाला. माझे वाटोळे त्यानेच केले.

१९७९ साली आमच्या प्रयोगशाळेचा गॅसचा नळ गळायला लागला, म्हणून महाविद्यालयाने बाहेरून वेल्डर बोलावला. कडूबा ठोंबरे, वैजापूरकडचा शेतकऱ्याचा मुलगा, सातवी शिकलेला. त्या दिवशी वीज गेली होती. काम थांबले, तेव्हा त्याने मला विचारले, “बाई, दिवसाचं ऊन साठवून ठेवता येत नाय का? आपण ज्वारी ठेवतो तसं, पेवात?”

मी वर्गात वीस वर्षे शिकवत होते. इतका चांगला प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. ऊन साठवता येते. सोरा आणि त्याच्या जातीचे क्षार वितळवले की ते उष्णता धरून ठेवतात. आरशांनी ऊन एकवटून ते क्षार तापवायचे आणि सूर्य मावळल्यावर त्यांच्यावर बॉयलर चालवायचा. पण टाकी, नळ, सांधे हे सगळे करून बघावे लागते, आणि ते अनेकदा फसते. फसणाऱ्या कामाला कारखानदार पैसे देत नाही आणि विद्यापीठाकडे ते नसतात.

म्हणून मी दीड वर्ष खपून एकेचाळीस पानांचा मसुदा लिहिला: सरकारने ऊर्जेच्या संशोधनासाठी स्वतंत्र मंडळ काढावे. त्यातली चार कलमे मला अजून पाठ आहेत. ज्या कामात अपयशाचा संभव आहे त्यालाच मंडळाने आधी हात द्यावा. अर्जदाराला पदवीची अट नसावी. मंडळावरच्या माणसाच्या नातलगाला निधी मिळू नये. आणि प्रयोग फसला तर तो का फसला हे छापावे, माणसाला शिक्षा करू नये.

हेमचंद्र तेव्हा गणपतीला आले होते. मसुदा चाळून म्हणाले की मी टपालाने पाठवला तर तो आवक शाखेत वाळवी खाईल, त्यांच्याकडे द्यावा. मी मूळ स्वतःकडे ठेवून स्वच्छ प्रत दिली. श्रीनिवास म्हणाले, घरचाच माणूस आहे. १९८४ साली मंडळ झाले. मसुद्यावर नाव होते हेमचंद्र यांचे. मी विचारले तेव्हा त्यांनी समजूत घातली की बाईच्या नावाने, त्यातून औरंगाबादच्या, फाईल टेबलावरून हलत नाही. नाव कोणाचे का असेना, काम झाले. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्यांनी मुंबईहून फोन करून मला ‘क्षारसंचय’ म्हणजे काय ते विचारले, भाषणात घालायचे होते म्हणून. मी सांगितले. तेव्हाही सांगितले, हे मला माझ्याबद्दल सर्वांत जास्त चीड आणते.

३. मंडळाच्या नियमांतून दोन कलमे गाळली होती, पदवीचे आणि नातलगांचे. पहिला निधी हेमचंद्र यांचे मेहुणे नानासाहेब यांना सूर्यपंपासाठी मिळाला. त्या पंपाने कधी तांब्याभर पाणी वर काढले नाही. फीत मात्र कापली गेली.

तोपर्यंत कडूबाने वाळूजला भाड्याच्या शेडमध्ये लहान टाकी उभी केली होती. पाळी संपली की तो कारखान्यातून थेट तिथे यायचा, मी महाविद्यालयातून जायचे. फेब्रुवारीत एकदा दिवे लागल्यानंतरही तीन तास आमचा बॉयलर वाफ देत राहिला. कडूबाने टाकीच्या जाड वेष्टणावर हात फिरवला आणि नुसताच हसत उभा राहिला. आम्ही दोघांच्या नावाने मंडळाकडे अर्ज केला.

उत्तर एका ओळीत आले: अर्जदारांपैकी एक पदवीधर नाही, तसेच प्रस्तावात अपयशाचा संभव आढळतो, सबब नामंजूर.

मी मुंबईला गेले. माझ्या दिराने मला बाहेरच्या बाकावर जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसवून ठेवले. मग आत बोलावून, चहा मागवून, दार लावून ते म्हणाले, “वहिनी, घरच्या माणसाला निधी दिला तर लोक काय म्हणतील? नियम कोणासाठी वाकवायचे नाहीत.”

जो नियम त्यांनी स्वतः खोडला होता, तोच. मी चहा न पिता उठले. त्या कार्यालयात नंतर मी पाऊल ठेवले नाही.

४. आता जे लिहिते ते मी एकोणतीस वर्षे लिहिलेले नाही.

नकारानंतर आम्ही भंगारातून सामान घ्यायला लागलो. एप्रिल १९८७ मध्ये मोठ्या टाकीचा नळ बसवायचा होता. कडूबाने तो हातात घेऊन नखाने वाजवून पाहिला.

“बाई, लई पातळ हाय हा. धरंल का?”

मी म्हणाले, “धरेल.”

मला घाई होती. पावसाळ्याच्या आत करून दाखवायचे होते, मुंबईला दाखवायचे होते. दुपारी सांधा फुटला आणि वितळलेला क्षार कडूबाच्या छातीवर आला. नवव्या दिवशी तो गेला. शेवटपर्यंत शुद्धीवर होता. नळाबद्दल त्याने कोणालाही काही सांगितले नाही.

हेमचंद्र यांचा फोन आला. चौकशीत माझे नाव आले तर नोकरी जाईल आणि आडनाव एकच असल्याने त्यांच्यावरही शिंतोडे उडतील, असे ते श्रीनिवासना म्हणाले. श्रीनिवासनी जबाब लिहून आणला: कामगाराने परस्पर नळ बदलला. मी सही केली. दोघा भावांनी मला ढकलले हे खरे, पण पेन माझ्या हातात होते. त्या जबाबामुळे कडूबाची पत्नी साळूबाई हिला कोणाकडून काहीही मिळाले नाही. मंडळाच्या पुढच्या अहवालात हेमचंद्र यांनी छापले की सदर अर्ज नाकारण्याचा निर्णय योग्य ठरला.

साळूबाई तेराव्यानंतर माझ्या घरी आली, माझे सांत्वन करायला. ओसरीवर बसून म्हणाली, “त्यांचा हट्टच तसला होता बाई. तुमचा काय दोस?”

मी तिला चहा करून दिला. तिने वैजापूरच्या मार्केट यार्डात कांदे निवडून दोन मुली मोठ्या केल्या. दर हिवाळ्यात ती मला कांद्याची पिशवी आणून देते. मी घेते. घरात शिजवते. खाते.

५. माझे समर्थनगरचे घर, अंगण, विहीर आणि आतील सर्व सामानासह, मी साळूबाई कडूबा ठोंबरे यांना देत आहे. ही देणगी नाही, दया नाही. ताबा देण्यापूर्वी वरील चौथे कलम त्यांना मोठ्याने, सावकाश, काहीही न गाळता वाचून दाखवावे. ते ऐकल्यावर त्यांनी घर नाकारले तर त्यांना कोणीही समजावू नये. त्या शिव्या देतील तर त्या ऐकून घ्याव्यात आणि माझ्यातर्फे उत्तर देऊ नये. अशा वेळी घर त्यांच्या दोन्ही मुलींना द्यावे. त्यांनीही नको म्हटले तर विकून येणारी रक्कम सातव्या कलमाप्रमाणे वापरावी.

६. श्रीनिवास यांची तसबीर, चौकट आणि चंदनाच्या हारासह, हेमचंद्र यांना द्यावी. श्रीनिवास वाईट नव्हते. त्यांनी जन्मभर घरातले घरात ठेवले, त्यात मलाही ठेवले. माझ्या भिंतीवरची त्यांची जागा माझ्याबरोबर संपते.

७. बँकेतील सर्व ठेवी आणि माझे दागिने विकून येणारी रक्कम वैजापूर तालुक्यातील अशा फिटर, वेल्डर, वायरमन मुलामुलींसाठी वापरावी, ज्यांना ऊर्जेबाबत काही करून बघायचे आहे आणि ते फसण्याची शक्यता आहे. पदवी विचारू नये. पण नळ, टाकी, सांधे नवे आणि तपासलेलेच घ्यावेत. भंगारातला एक तुकडाही वापरला तर मदत थांबवावी. यात दया दाखवू नये. या निधीला माझे नाव देऊ नये. कडूबाचे द्यायचे असेल तर साळूबाईंना विचारावे.

८. माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात फुटलेल्या नळाचा हातभर तुकडा आहे. तो, नामंजुरीच्या पत्रासह, मंडळाच्या मुंबईच्या कार्यालयाला द्यावा. तिथे प्रवेशाशीच हेमचंद्र यांचे मोठे छायाचित्र लावले आहे असे ऐकते. कार्यालयवाले तुकडा घेणार नाहीत. तरी आवक शाखेत जमा करावा आणि शिक्क्याची पोच घ्यावी.

९. माझ्या हस्ताक्षरातील मूळ मसुदा, खाडाखोडीसह, पाचशे प्रतींत छापून राज्यातील सर्व विज्ञान महाविद्यालयांना पाठवावा. एक प्रत हेमचंद्र यांना. खोडायची दोन कलमे सोडता त्यांनी तो कधी वाचलेला नाही. आता वेळ आहे.

१०. अंत्यविधी विद्युतदाहिनीत करावा. हेमचंद्र किंवा त्यांच्या मुलाने अग्नी देण्याचा प्रश्न त्यामुळे येणार नाही. शोकसभा झालीच तर हेमचंद्र यांना बोलू देऊ नये. त्यांना बोलता फार चांगले येते.

११. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी विद्यार्थिनी प्रा. अंबिका वैद्य हिने करावी. तिला मी हे सर्व वाचून दाखवले आहे. चौथे कलम ऐकून ती पाणी न पिता घरी गेली. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाली, करीन. तिने मला माफ केले की नाही, हे मी विचारले नाही.

१२. शेवटचे पान वेगळे ठेवले आहे. त्यावर सह्यांशिवाय काही नाही. साक्षीदाराने मजकूर वाचावा लागत नाही, मला सही करताना पाहिले की पुरे, हे मी वकिलांना तीन वेळा विचारून घेतले. उद्या सकाळी दहाला हेमचंद्र येतील. मी फोनवर म्हणाले, भाऊजी, घरातल्या मोठ्या माणसाची साक्ष हवी. ते लगेच हो म्हणाले, आणि मुलाला आणू का असे विचारले. मी म्हणाले, आणा. ते वरची पाने उलटून पाहणार नाहीत, कारण त्यांत काय असणार हे आपल्याला ठाऊक आहे अशी त्यांची खात्री आहे. पुढे कोणी हे मृत्युपत्र कोर्टात खोटे पाडायला निघाला, तर वहिनी पूर्ण शुद्धीवर होत्या असे शपथेवर सांगायला कोर्ट त्यांनाच बोलावील.

(शेवटचे पान)

वरील मजकूर माझा आहे व तो मला मान्य आहे. खालील दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही करीत आहे.

सही: दमयंती श्रीनिवास लासूरकर

साक्षीदार १: डॉ. रामकिसन भानुदास दहिहंडे, राहणार छावणी, औरंगाबाद. सही करणाऱ्या बाईंना मी आज तपासले. त्या शुद्धीवर असून सर्व समजून सही करीत आहेत.

साक्षीदार २: हेमचंद्र लासूरकर, राहणार मुंबई. वहिनींनी माझ्यासमोर, राजीखुशीने सही केली. त्यांची बुद्धी उत्तम शाबूत आहे, याची मी कुटुंबप्रमुख या नात्याने खात्री देतो.
हुद्दा: संस्थापक, प्रगत ऊर्जा शोधनिधी मंडळ.

ठिकाण: औरंगाबाद
दिनांक: १९ जानेवारी २०१६